अर्धी डिग्री

गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या महिन्याच्या सुट्टीवर गावी आला. धाकट्या भावाचा पोरगा. अग्निवीर आहे. बल्लारशाह स्टेशनावर मीच त्याला घ्यायला गेलो होतो. गाडी थांबली तसा काळी ट्रंक खांद्यावर घेऊन उतरला आणि भर प्लॅटफॉर्मवर मला सॅल्यूट ठोकला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी म्हटलं, "पुरे कर बापू, चाल, ऊन लय हाय." पण बरं वाटलं. १९८० साली याच स्टेशनावरून मीही असाच गेलो होतो, फक्त माझ्या हातात ट्रंकेऐवजी आईनं शिवलेली पिशवी होती.

कोठारीच्या अलीकडं आमचं गाव. तीन एकर धान, दोन एकर कापूस, मागं जंगल. संध्याकाळी सहाच्या पुढं पोरंबाळं आत घेतात, कारण वाघ आता पाहुण्यासारखा कधीतरी येत नाही, शेजाऱ्यासारखा राहतो. अशा गावातल्या आमच्या पोट्ट्यांना पुढं काय करायचं विचारलं तर उत्तरं तीनच. पेपर मिल, कोळशाची खाण, नाहीतर भरती. मिल आणि खाणीत आता पहिल्यासारखी माणसं घेत नाहीत. म्हणून पहाटे चारला रोडवर पोट्ट्यांच्या धावण्याचा आवाज येतो. पुतण्या त्यातलाच. बारावी झाला, २०२२ मध्ये अग्निपथ योजना निघाली, त्याच्या पहिल्याच खेपेत लागला आणि कामठीला गार्ड्सच्या सेंटरला ट्रेनिंगला गेला.

योजना तुम्हाला माहीत असेल. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर शंभरातले पंचवीस पुढं ठेवतात, बाकी पंचाहत्तर घरी येतात. येताना सेवानिधी म्हणून ११ लाख ७१ हजारांच्या आसपास मिळतात, पेन्शन नाही. पुतण्याची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतील. तेव्हा तो चोवीस वर्षांचा असेल.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "ते इग्नूचं का झालं? वाचतोस का नाही?"

बाजेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "मोठे बाबा, आर्धी डिग्री तं झालीच ना माही. राह्यलेलं आर्धं होते आरामात."

हे 'आर्धी झालीच' प्रकरण आधी सांगतो. अग्निपथ जाहीर झाली त्याच आठवड्यात, १५ जून २०२२ ला, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं सांगितलं की अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, तीन वर्षांची खास पदवी काढणार. त्या पदवीचे निम्मे श्रेयांक पोरांना नोकरीत मिळालेल्या प्रशिक्षणाबद्दल धरायचे. उरलेले निम्मे नेहमीच्या विषयांतून मिळवायचे. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, वाणिज्य, पर्यटन, शेती असे पुष्कळ विषय आहेत, त्यातून निवडायचे. वर पर्यावरण आणि इंग्रजी संवाद. पहिल्या वर्षाचं झालं की सर्टिफिकेट, दुसऱ्याचं झालं की डिप्लोमा, तिन्ही झाली की पदवी. मध्येच थांबला तरी हातात काहीतरी राहतं. जो पोरगा दहावीवरच भरती झाला, त्याला बारावी करून देण्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची वेगळी सोय. पुस्तकं मोबाईलवर येतात, अर्ज मोबाईलवर होतो, कॉलेजात जाऊन बसायची गरज नाही.

हे मी पेपरात वाचलं त्या दिवशी मी बांधीवर होतो. पऱ्हे टाकायची तयारी चालू होती. भाकरी बांधलेला कागद होता तो, भाकरी संपल्यावर वाचला. दोनदा वाचला. मग घडी करून खिशात ठेवला. ती घडी आजही माझ्या पेटीत आहे. का ठेवली, हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ते आता सांगतो.

मी १७ वर्षं फौजेत होतो. बॉम्बे सॅपर्स, पुण्याजवळ खडकी. दहावी कशीबशी झालेली, गणितात काठावर. माझा बाप बल्लारशाहच्या लाकूड डेपोत हमाली करायचा. अल्लापल्लीकडून सागवान यायचं, त्याचे नग लावायचे, लिलाव व्हायचा. नव्या संसदेला जे सागवान गेलं ते आमच्या बल्लारशाहचं, हे आता सगळे अभिमानानं सांगतात. माझ्या बापाच्या खांद्याला त्याच सागवानाचा घट्टा होता. मला लाकडाची जाण म्हणून सेंटरवर ट्रेड मिळाला सुतारकीचा. पण सॅपर नुसता सुतार नसतो. पूल बांधणं, रस्ता काढणं, सुरुंग पेरणं आणि उचलणं, पाणी शोधणं, सगळं शिकवतात.

बेली पूल हा शब्द तुम्ही ऐकला असेल. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं काढलेला लोखंडी पूल. त्याचं एक पॅनल १० फूट लांब, ५ फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. सहा जणांनी उचलायचं. पॅनलला पॅनल जोडून खिळी ठोकायची आणि आपल्याच काठावरून रुळांवर तो सांगाडा पुढं ढकलायचा. पलीकडच्या काठावर आपलं कोणी नसतं. पुढचा हलका भाग हवेत लटकत जातो, आणि तो नदीत तोंड खुपसू नये म्हणून मागचा भाग कायम जास्त जड ठेवावा लागतो. किती पॅनल पुढं, किती मागं, याचा हिशोब आधी करायचा. चुकला तर माणसं जातात. हा हिशोब काठावर पास झालेला मी करायचो. सिक्कीममध्ये तिस्तेला मिळणाऱ्या एका नदीवर, बोटं लोखंडाला चिकटतील एवढ्या थंडीत, केला आहे.

१९९७ साली हवालदार म्हणून घरी आलो. वय ३६. दोन पोरी लहान. पेन्शन होती, पण पेन्शनीत पोरी शिकत नाहीत. मग मला कोणीतरी सांगितलं की तुम्ही तर ग्रॅज्युएट धरल्या जाता.

हे खोटं नव्हतं. केंद्र सरकारचे माजी सैनिकांच्या फेरनोकरीचे १९७९ चे नियम आहेत, त्यात पुढं भर पडली. दहावी पास किंवा सेनेचं खास शिक्षण प्रमाणपत्र असलेला माणूस, त्याची १५ वर्षं सेवा झाली असेल, तर माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या गट 'क' च्या पदाला, जिथं पदवी लागते तिथंही, त्याला पात्र धरता येतं. मात्र त्या पदाला तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक असता कामा नये. नियम नीट वाचला की कळतं, 'धरता येतं' म्हणजे त्या नोकरीपुरतं. त्यानं तुम्ही बी.ए. होत नाही. एम.ए.ला कोणी बसू देत नाही. मला हा फरक तेव्हा कळला नव्हता. मी ग्रॅज्युएट झालो, एवढंच मी ऐकलं. आणि खोटं कशाला बोलू, गावात दोघा-तिघांना सांगूनही टाकलं.

एका कचेरीत जागा निघाली. कोणती ते सांगत नाही. मी अर्ज केला. डिस्चार्ज बुक, सर्टिफिकेटं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गेलो. पहिल्या खेपेला म्हणाले, साहेब नाहीत. दुसऱ्या खेपेला म्हणाले, तो नियम आमच्याकडं लागू होतो का ते बघावं लागेल. तिसऱ्या खेपेला टेबलावरच्या माणसानं माझं डिस्चार्ज बुक उघडलं, दोन पानं चाळली आणि शेजारच्याला हसत म्हणाला, "बंदूक उचलून कोणी बी.ए. होते का जी?"

सतरा वर्षांत कोणी माझ्यासमोर माझं डिस्चार्ज बुक असं हातात धरून हसलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, चारित्र्य: अनुकरणीय. मी पुस्तक उचललं आणि बाहेर आलो. बसचं तिकीट काढायला खिशात हात घातला तर हात थरथरत होता.

घरी येऊन मी सांगितलं, "नोकरी देत होते, मीच नाही म्हटलं. बाबांच्यानं आता शेती होत नाही." बायकोनं मान्य केलं. भावानं मान्य केलं. गावात तर माझं नाव झालं. फौजीनं शेतीसाठी सरकारी नोकरी सोडली. एका वर्षी पंधरा ऑगस्टला शाळेत माझ्या हातून झेंडावंदन झालं, तेव्हा गुरुजींनी पोरांना हेच सांगितलं. मी खाली मान घालून उभा राहिलो. पोरांना वाटलं, फौजी नम्र आहे.

इथपर्यंत दोष दुसऱ्याचा. पुढचा माझा आहे, म्हणून तो जास्त जड जातो.

त्या कचेरीचा राग मनात धरून मी ठरवलं, खरंच बी.ए. होतो आणि कागद त्या टेबलावर नेऊन ठेवतो. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालेलं, त्याची माहिती चंद्रपुरात मिळाली. तेव्हा त्यांचा 'पूर्वतयारी' नावाचा शिक्षणक्रम होता. बारावी नसली तरी अठरा वर्षांवरच्या कोणालाही तो करून पदवीला बसता यायचं. शेतकरी, मजूर, घरच्या बाया, सगळ्यांसाठी. मी नाव घातलं, पुस्तकं आणली. सोपी भाषा, प्रत्येक धड्याखाली 'स्वतः तपासा' म्हणून प्रश्न. रात्री कंदील लावून वाचायचो. रानडुकरं हाकलायला माळ्यावर जायचो तेव्हाही पुस्तक सोबत.

मग अभ्यासकेंद्रावर पहिल्या भेटीला गेलो. खोलीत वीस-बावीस जण. बहुतेक पोरं-पोरी. एका पोरीनं मला बघून बाक पुसून दिला आणि म्हणाली, "सर, बसा ना." तिला वाटलं शिकवणारा आला. सगळे उभे राहिले. मी सांगितलं, मीही शिकायलाच आलो, तेव्हा मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. एवढंच झालं. वाईट कोणीच काही बोललं नाही. पण मी पुन्हा गेलो नाही.

त्याच पावसाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर कोणी विचारलं की मी सांगायचो, "बाबांच्या दुखण्यापायी राह्यलं." बाबांचं दुखणं खरं होतं. पण शिक्षण मी त्याच्या दोन महिने आधी सोडलं होतं, लाजेपायी. तिस्तेच्या काठावर हवेत लटकणाऱ्या पुलावर उभा राहिलेला माणूस एका फिस्सकन हसण्याला भ्याला. पुस्तकं पेटीत गेली. पुढं २००९ च्या सुमारास सेना आणि इग्नूनं मिळून 'ज्ञानदीप' काढला, नोकरीतल्या जवानांच्या प्रशिक्षणाला श्रेयांक द्यायला. ते कळलं तेव्हा मी घरी येऊन बारा वर्षं झाली होती. अमेरिकेत तर दुसऱ्या महायुद्धापासूनच सैनिकाचं कोणतं ट्रेनिंग कॉलेजच्या किती अभ्यासाबरोबरचं, हे ठरवायची रीत आहे, असंही पुढं वाचनात आलं. असं काही वाचलं की मी मनात म्हणायचो, आपण लवकर जन्मलो. हेही एक निमित्तच होतं.

तर असा माणूस बाजेवर पडलेल्या पोराच्या तोंडून ऐकत होता, आर्धी डिग्री तं झालीच.

दुसऱ्या दिवशी मी त्याला वर्धेवर नेलं. बल्लारपूरच्या किल्ल्याच्या मागं नदीचं पात्र मोठं आहे. उन्हाळ्यात पाणी एका कडेला जातं, मधे रेती आणि खडक. पावसाळ्यात हीच नदी राजुऱ्याकडचा रस्ता बंद करते. म्हटलं, "त्या पलीकडच्या काठावर झाड दिसते ना, तिथवर किती अंतर हाय सांग. नदीत उतरायचं नाही."

तो म्हणाला, "गूगलवर पाहू का?"

"नेट नाही समज. पूल टाकायचा हाय अन् रात्री ट्रक येणार हायेत."

त्याला येईना. मग मी त्याच्याच मोबाईलमधलं होकायंत्र उघडायला लावलं. हातातलं लोखंडी कडं काढून ठेव म्हटलं, सुई बिघडते. झाडाच्या बरोबर समोर उभं राहून झाडाची दिशा किती अंशावर येते ते बघितलं. तिथं दगड ठेवला. मग काठाकाठानं, झाडाच्या रेषेला काटकोनात, सरळ चालायला लावलं, फौजेच्या ३० इंची कदमानं, मोजत. मधेमधे थांबून झाडाची दिशा बघायची. ती पहिल्या दिशेपेक्षा ४५ अंशांनी बदलली की थांब. तो थांबला. २६० कदम झाले होते.

"आता जेवढा चालला तेवढंच झाड दूर हाय. किती झाले?"

त्यानं हिशोब केला. "१९८ मीटर." मग जरा वेळ नदीकडं बघत राहिला. "हे तं दहावीच्या भूमितीत होतं, मोठे बाबा. काटकोन त्रिकोण. दोन कोन ४५ चे, म्हणून दोन बाजू सारख्या."

"मीबी दहावीत पाठ केलं होतं अन् विसरलो होतो. समजलं ते सिक्कीममधे."

तिथंच खडकावर बसून मी त्याला ते सगळं सांगितलं. कचेरी, तिसरी खेप, बंदुकीचं बोलणं. आणि अभ्यासकेंद्र. बाबांच्या दुखण्याआधीचे दोन महिने. घरात हे ऐकणारा तो पहिला. तो काही बोलला नाही, वाळूत काडीनं रेघा मारत राहिला.

मी म्हटलं, "तुह्या ट्रेनिंगले किंमत हाय हे सरकारनं मान्य केलं. मह्या येळेस नव्हतं केलं. ते चांगलंच झालं. पण तो तुया काठावरचा भाग हाय, मागचा, जड. पूल पुढं ढकल्याशिवाय पलीकडं जात नाही. आर्ध्या नदीपर्यंत गेलेल्या पुलावरून ट्रक जाते का?"

"नाई."

"बकरीबी जात नाही."

तो हसला. मग म्हणाला, "मले इंग्रजीची भीती वाटते, मोठे बाबा. तो पेपर उघडलाच नाही मी. म्हणून म्हणत होतो आरामात होते." त्याचं खरं कारण हे होतं. मी माझं सांगितल्यावर त्याचं बाहेर आलं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यानं माझी पेटी उघडायला लावली. डिस्चार्ज बुक आणि कोर्सची सर्टिफिकेटं काढली. आता देशात श्रेयांकांचा जो नवा आराखडा आला आहे, २०२३ चा, त्यात ३० तासांचं शिक्षण म्हणजे १ श्रेयांक आणि एका वर्षाचे ४० धरतात. मिळालेले श्रेयांक बँकेत पैसे ठेवावेत तसे नावावर जमा राहतात. पुतण्यानं मोबाईलवर बेरीज मांडली. ट्रेड ट्रेनिंग ३६ आठवडे, आठवड्याला ३६ तास, म्हणजे ४३. एनसीओ कॅडर १६. पुलाचा कोर्स ८, सुरुंगाचा ८. मॅप रीडिंग आणि सेनेची शिक्षण प्रमाणपत्रं मिळून १०.

"पंच्याऐंशी! मोठे बाबा, तीन वर्षांचे १२० असतेत. तुमी तं दोन वर्षं पास होऊन तिसऱ्यात बसले."

हा आमचा अंगणातला हिशोब. कोणत्याही विद्यापीठानं तो मानलेला नाही आणि इतक्या वर्षांनी मानेल असंही नाही. विद्यापीठ आधी कागद बघतं, अभ्यासक्रम बघतं, परीक्षा झाली होती का बघतं. नुसते तास मोजून होत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आकडा ऐकून मी जरा वेळ गप्प बसलो. टेबलावरच्या त्या माणसाला हा आकडा सांगावा असं वाटलं. तो आता कुठं असेल कोण जाणे. माझ्यापेक्षा मोठा होता.

बायको भांडी घासता घासता ऐकत होती. म्हणाली, "अन् मायं किती होते रे?"

"तुह्यं काय मोठी आई?"

"रोवना. दहा वर्षांची होती तवापासून करतो मी. दुसऱ्याच्या बांधीतबी केला."

पोरानं तोही हिशोब केला. हंगामाला २५ दिवस, दिवसाला ८ तास, ४५ वर्षं. ९ हजार तास, ३०० श्रेयांक. "मोठी आई, तुह्या अडीच डिग्र्या झाल्या!"

ती म्हणाली, "मंग पगार कोन देते?" आणि राखेचा हात धुवून आत गेली. आम्ही हसलो. पण पऱ्ह्याची मुळं न तुटता उपटणं, चिखलात वाकून एका ओळीत दोन बोटांनी रोवणं, पाण्याची उंची बघून अंतर कमी-जास्त करणं, हे मला अजून तिच्यासारखं येत नाही. सॅपरचा माझा ट्रेड तरी वहीत लिहिलेला आहे. तिचा कुठंच लिहिलेला नाही.

सुट्टीचे राहिलेले दिवस पुतण्या रोज पहाटे बोडीच्या पाळीवर जाऊन बसायचा. गावात तिथंच नेट पकडतं. इंग्रजीच्या पुस्तकाची पानं एकेक करून वाचायचा. अडलं की माझ्या धाकट्या पोरीला फोन लावायचा, ती चंद्रपुरात नर्स आहे. मी त्याच्या शेजारी बसून राहायचो. मला त्यातलं कळत होतं असं नाही. पण ज्या खोलीत मी एकटा पडलो होतो, तसा तो पडू नये एवढंच. निघायच्या आदल्या दिवशी दोन स्वाध्याय पुरे झाले. पहिल्यात त्यानं कोणत्याही एका नदीबद्दल दहा ओळी लिहायच्या होत्या. त्यानं वर्धेबद्दल लिहिलं आणि त्यात २६० कदम घातले. कदमाला इंग्रजीत काय म्हणतात ते पोरीला विचारून घेतलं.

त्याला ठेवतील पंचवीसमध्ये की घरी पाठवतील, आज कोणी सांगू शकत नाही. घरी आला तर वनखात्यात, पोलिसात, कुठंतरी अर्ज करेल. त्याच्या पिशवीतही माझ्यासारखीच प्लॅस्टिकमध्ये घातलेली कागदं असतील. फक्त त्यात एक कागद असा असावा की टेबलावरच्या माणसाला 'होते का जी' असं विचारता येऊ नये. तो कागद निम्मा फौजेनं दिला आहे. निम्मा त्यालाच आणायचा आहे.

स्टेशनावर गाडीत बसताना तो म्हणाला, "मोठे बाबा, मुक्त विद्यालयातून बारावीले वयाची वरची अट नाही. मी पाह्यलं. तुमीबी फारम भरा." आणि गाडी सुटली. मला उत्तर द्यायला वेळच ठेवला नाही त्यानं.

घरी येऊन बायकोला हे सांगितलं. आणि त्यासोबत तिला ते दुसरंही सांगितलं, कचेरीचं आणि अभ्यासकेंद्राचं. २८ वर्षांनी. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "नोकरीचं मले तवाच समजलं होतं. नोकरी नाकारून आलेला मानूस असा उपाशी झोपत नाही. शाळेचं नव्हतं ठाऊक." आणखी काही बोलली नाही.

चार दिवसांनी तिनंच विचारलं, "मंग फारमचं का झालं?"

मी म्हटलं, "भरतो. यंदाचा रोवना होऊन जाऊ दे."

ती म्हणाली, "रोवना तं दरसाल होते."